खांद्याचं माप

४ एप्रिल, शुक्रवार

ही वही मापाची हाय. पुढून गिऱ्हाइकांची मापं, मागून आजपासून हे. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर लिहून राहिले. घरात आमी दखनी बोलतो पण लिहायला मराठीच येतं. चुकलं तर चुकलं, तपासायला कोण येतंय.

लिहायचं कारण माझी सून अफसाना. ईद झाली तशी तिनं एकच धरलंय, आयेशाला जूनमधी इंग्लिश शाळेतच घालायचं. आयेशा माझी नात, सहा वर्षांची. मी म्हणलं, घरापासून शंभर पावलांवर सरकारी शाळा हाय, तिथं काय काटे पेरलेत? तर तिनं हंडा असा आदळला की अर्धं पाणी ओट्यावर.

वासिफ, माझा मुलगा, हिंगोलीला गॅरेजात असतो. फोनवर म्हणतो, "फी मी बघतो, शाळा तुमी दोघी ठरवा." म्हणजे भांडण पैशाचं न्हाई. पैशाचं असतं तर एका दिवसात मिटलं असतं.

अफसाना दहावी पास हाय. मागल्या साली नांदेडला एका दवाखान्यात तिच्यापुढं सहीला कागद ठेवला, सगळा इंग्रजीत. तिनं विचारलं, यात काय लिहिलंय? तिथली पोरगी म्हणली, "दहावी झालीय ना? मग वाचा की." हे तिनं मला एकदाच सांगितलं. परत कधी न्हाई.

आज मी सांगून टाकलं, दोन्ही शाळा आतून बघते, मग बोलते.

"अम्मी, तुमाला आत कोण सोडतंय?"

टेप गळ्यात असली की मला सगळीकडं सोडतात. नवरीच्या खोलीत सोडतात. शाळेत न सोडायला काय झालं?

७ एप्रिल, सोमवार

सरकारी शाळेच्या गणवेशाचं काम आमच्या बचत गटाकडं हाय. चंदाबाई गटाची अध्यक्ष. तिला म्हणलं, पहिली-दुसरीची मापं मी घेते. ती म्हणली, "घे बाई, तेवढंच माझं डोकं वाचंल." का म्हणली ते तिथं गेल्यावर कळलं.

पहिली आणि दुसरी एकाच खोलीत. मास्तर एकच, अमरसिंग सर, पलीकडच्या तांड्यावरचे. भिंतीला पोपडे, एका कोपऱ्यात खिचडीची पातेली. मी टेप काढली आणि जत्रा सुरू झाली. एकाला टेप लावावी तर तो हसायला लागतो, गुदगुल्या होतात म्हणं. दुसरा मागून माझा पदर ओढतो, "काकी, माझं कधी?" तिसऱ्याला बसायला सांगितलं तर तो सांगतो, "बसलो होतो, आता उठलो." एका पोराचा खांदा मी तीनदा मोजला आणि तीन मापं निघाली. जे मोठं ते धरलं.

शिला म्हणून एक तांड्यावरचीच पोरगी हाय, दात पडलेली. ती टेप उलटी करून बघती अन् म्हणती, "काकी, ह्या बाजूला दुसरेच आकडे काहून हायेत?"

"असतेत. गप उभी राह्य."

हे सरांनी ऐकलं. "भाभी, दोन मिनिटं टेप देता का?"

दोन मिनिटं! अर्धा तास माझी टेप घेऊन बसला तो माणूस. पोरांनी दार मोजलं, फळा मोजला, दारात आलेली शेळी मोजायला गेले तर ती पळाली. मग सर म्हणले, माझं पोट मोजा. शंभर निघालं तसा वर्ग फुटला हसून. सरांनी श्वास आत ओढून धरला, "आता मोजा." ब्याण्णव.

"सर तेच, टेप तीच. मग माप दुसरं कसं आलं?"

शिला ओरडली, "सर लबाड हायेत म्हणून!"

सरबी हसले. माझ्या काळात मास्तराला लबाड म्हणलं असतं तर हाताची सालटं निघाली असती.

त्या दुसऱ्या आकड्यांना सेंटीमीटर म्हणतेत. एका इंचात अडीच अन् वर थोडंसं. वीस वर्षं ही टेप गळ्यात घेऊन फिरले, मला कुणी सांगितलं न्हाई. मी विचारलंबी न्हाई.

शिस्त शून्य. अर्धा दिवस वाया गेला.

८ एप्रिल

राहिलेली मापं घ्यायला परत गेले. खरं तर चारच पोरं राहिली होती, पण जरा बसले. सर हातच्याची बेरीज शिकवून राहिले होते. मला हातचा येतो. तरी बसले.

उठताना सरळ विचारलं, "सर, इंग्रजी येतं का तुमच्या पोरायला?"

"पहिलीपासून पुस्तक हाय भाभी. पण खोटं कशाला सांगू? दोन वर्ग, मी एकटा. मधीच कसला तरी सर्व्हे येतो, तेव्हा मीबी वर्गात न्हाई. होतं तेवढं होतं."

असं कुणी सांगतं का? दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो का, कापड विटतं म्हणून? आत होते तवर मला वाईट वाटलं न्हाई, बाहेर आल्यावर वाटलं. अफसानाला हे सांगितलं न्हाई.

११ एप्रिल, शुक्रवार

इंग्लिश शाळा. शिरड शहापूरच्या रस्त्याला हाय, पिवळ्या गाडीनं जावं लागतं. त्यांच्या बक्षिसाच्या कार्यक्रमात बारा पोरं गाणं म्हणणार, त्यांना एकसारखे शर्ट पायजेत, म्हणून मला बोलावणं आलं. मी आतल्या आत खूष. आपण होऊन दार उघडलं.

काय ती शाळा! फरशी अशी की चपला हातात घ्याव्या वाटल्या. पंखे चालू. भिंतीवर फळं, प्राणी, सगळे रंगीत. मोठ्या बाई करुणा मॅडम स्वतः बाहेर आल्या, पाणी दिलं, "बसा गौसियाताई" म्हणल्या. मला ताई कोण म्हणतं?

बारा पोरं एका ओळीत, हात मागं बांधलेले. टेप टेकवली की पोरगं हलत न्हाई, मूर्तीगत. एकाला नाव विचारलं, तर त्यानं आधी मॅडमकडं बघितलं, त्यांनी मान हलवली, मग सांगितलं. याला म्हणतेत अदब. बाराच्या बारा मापं वीस मिनिटांत. एकानंबी विचारलं न्हाई की काकी हे काय, ते काय.

मी म्हणलं, "मॅडम, लेकरं लई गुणाची हायेत."

"सवय लावावी लागते हो ताई. पहिल्या आठवड्यात रडतात. मग एकदम छान होतात."

घरी येऊन अफसानाला सगळं सांगितलं. मी म्हणलं, तुझं बराबर हाय, तीच शाळा. तिनं सणातल्या उरलेल्या शेवया काढल्या. दोघी बसून खाल्ल्या. आयेशा शिवणयंत्राखाली बसून पायडल फिरवत होती. दोनदा सांगून उठली न्हाई. हिला त्या शाळेची गरजच हाय.

१६ एप्रिल

शर्ट झाले. शाळेत जाऊन पोरांना घालून बघितले. बारापैकी एकालाबी ना चुणी, ना ओढ. करुणा मॅडम म्हणल्या, "ताई, हिंगोलीच्या दुकानातले रेडीमेडसुद्धा असे बसत नाहीत."

आज माझ्यासारखी मीच.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी सकाळी एक आई आली, पिशवीत शर्ट घेऊन. माळ्याच्या गल्लीतली हाय.

"गौसियाआपा, माप घेताना डोळे झाकले होते का?"

"तोंड सांभाळ. शाळेत घातला तेव्हा अंगावर ओतल्यागत बसला होता."

"शाळेत बसला असंल. घरी माझ्या पोरानं हात वर केला तर पाठीवर टर्रकन उसवला!"

"मग हात कशाला वर करतंय ते?"

"लेकरू हाय आपा! हात वर करणार न्हाई तर काय करंल?"

दुपारपर्यंत पाच जणी आल्या. सगळ्यांची एकच तक्रार, खांद्यात आखूड. वीस वर्षांत माझं माप चुकलेलं न्हाई. जेवण गेलं न्हाई.

२० एप्रिल

टेप घेऊन मकबूलचाचाच्या कापडाच्या दुकानात गेले. त्यांच्या लोखंडी मीटरला लावून बघितली. वेळ नव्हता त्यांना, तरी चष्मा लावून बघितलं.

"टेप खरी हाय गौसिया. तूच जुनी झालीस."

"चाचा, तुमच्यानंतर."

तिथून आले आणि बाराच्या बारा पोरांना आमच्या दारच्या निंबाखाली बोलावलं. मापं परत घेतली. खांदा कुणाचा पाऊण इंच जास्त, कुणाचा पुरा एक. एका आठवड्यात लेकरू इंचभर वाढतं का? भेंडी हाय का ती?

आणि काय पोरं ही! इथं तर माकडं. एक यंत्राचं चाक फिरवतंय, एक विचारतंय बॉबिन म्हणजे काय, दोघं कात्रीवरून भांडले. ज्यानं त्या दिवशी मॅडमला विचारून नाव सांगितलं होतं, तो निंबावर चढून बसला. शाळेत एवढी गुणाची आणि घरी आली की बिघडतेत. ह्यांच्या आया काय करतेत कोण जाणे.

शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडली होती म्हणून वाचले. सगळे शर्ट उसवून खांदे वाढवावे लागणार.

अफसाना चहा घेऊन आली, बघत उभी राहिली पोरांकडं. मग माझ्या वहीत बघितलं, जुनं माप, नवं माप.

२४ एप्रिल, गुरुवार

हे नीट लिहिते.

आज आयेशाला इंग्लिश शाळेत दिवसभर बसवून बघायचं होतं. आवडलं तर नाव पक्कं. जूनच्या गणवेशासाठी तिचं माप मी सकाळीच घरी घेतलं. उड्या मारत होती, एक चापट दिली, मग घेतलं. खांदा अकरा इंच. अफसाना तिला घेऊन गेली आणि सोडून आली.

बाराच्या सुमाराला दुरुस्त केलेले शर्ट द्यायला मी गेले. करुणा मॅडम म्हणल्या, "आलाच आहात तर नातीचं माप घेऊन टाका." घेतलेलं हाय असं म्हणणार होते, पण म्हणलं, चुकणाऱ्या बाईनं दोनदा घ्यावं.

आयेशा ओळीत तिसरी उभी होती. हात मागं. ओठ मिटलेले. मला बघून हसली न्हाई.

माप घेतलं. दहा.

परत घेतलं. दहा.

"आयेशा, मोकळी उभी राह्य."

"मोकळीच हाय दादी." एवढ्या बारीक आवाजात की मला वाकावं लागलं. बोलून तिनं मॅडमकडं बघितलं. मॅडम काय रागानं बघत नव्हत्या, खरं लिहिते. दुसऱ्या पोराची कॉलर नीट करत होत्या.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. कच्च्या कैरीसारखा कडक.

चार वाजता अफसाना तिला घेऊन आली. दप्तर फेकलं, चपला दोन दिशांना उडाल्या. मी तिथंच धरून मोजलं. अकरा.

टेप तीच. पोरगी तीच. सकाळी अकरा, दुपारी दहा, परत अकरा. मधल्या वेळात एक इंच पोरगी गेली कुठं?

अफसाना खाली बसली, लेकीच्या समोर.

"कशी हाय बेटा शाळा?"

"चांगली हाय. मॅडम मला शाब्बास म्हणल्या."

"काय केलंस तू?"

"कायच केलं न्हाई."

"अगं, काय तरी केलं असशील. गाणं म्हणलीस? चित्र काढलंस?"

"न्हाई अम्मी. मी कायच केलं न्हाई, म्हणून शाब्बास म्हणल्या. मी हललेबी न्हाई."

आणि खेळायला पळाली. अफसाना तिथंच बसून राहिली. मी म्हणलं, बघ, पहिल्याच दिवशी शाब्बासकी. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी परकी बाई हाय.

२६ एप्रिल

घ्या. मी राजी झाले तर ही फिरली.

सकाळी भाकरी थापता थापता म्हणली, "अम्मी, सरकारी शाळेतच घालू."

"काहून? महिनाभर माझं डोकं खाल्लंस ते?"

"तुमीच मोजलं ना."

"मी खांदा मोजला. शाळा मोजली न्हाई."

"अम्मी, नांदेडला त्या पोरीपुढं उभी होते तेव्हा माझा खांदा मोजायला पायजे होता तुमी."

खांदा आखूड भरतो त्याच्यात शाळेचा काय दोष, ते मला अजून पटलेलं न्हाई. एवढी चांगली फरशी, एवढे पंखे. पण बारा पोरं आणि तेरावी माझी, ह्यांची मापं मी घरी घेतली की एक आणि तिथं घेतली की एक. शिवणारीनं कुठलं धरावं? मी तर मोठं धरते. लहान धरलं की उसवतं.

२९ एप्रिल, मंगळवार

दोघी सरकारी शाळेत गेलो. अफसानानं बुरखा सारखा केला आणि थेट विचारलं, "सर, माझ्या मुलीला इंग्रजी आलं पायजे. येईल का?"

मला वाटलं, आता तरी माणूस बरं बोलंल.

"माझ्या एकट्याच्या भरवशावर येईल असं म्हणत न्हाई ताई. वाचायला, लिहायला, हिशोबाला कमी पडू देणार न्हाई. इंग्रजीला तुमी घरी अर्धा तास बसलात तर येईल."

"घरात आमी मराठीबी बोलत न्हाई सर."

"मीबी पहिलीत आलो तेव्हा मला पाणी मागता येत नव्हतं मराठीत. आमच्या गोरमाटी बोलीत मागितलं. मास्तरला कळलं न्हाई, दिवसभर तहानलेला बसलो. म्हणून मी आधी पोराला पाणी कसं मागतो ते विचारतो, ज्याच्या त्याच्या बोलीत."

अफसानानं फॉर्म भरला. सही केली. बाहेर येऊन रडायलाच लागली, रस्त्यात.

"अम्मी, चूक झाली असली तर? उद्या आयेशा मलाच म्हणली तर, की तू मला का न्हाई घातलंस तिथं?"

"चूक असली तर उसवू. पहिलीत नाव घातलं हाय, निकाह लावला न्हाई."

रडता रडता हसली. पण रात्री जेवली न्हाई, आणि माझंबी मन जाग्यावर न्हाई. वासिफला फोन केला. तो म्हणला, "आँ? आता सरकारी?" त्याला म्हणलं, तूच म्हणलास ना तुमी ठरवा? मग ठेव फोन.

१२ मे

अफसानानं ट्रंकेतून दहावीचं इंग्रजीचं पुस्तक काढलं. चुलीपुढं मोठ्यानं वाचत होती. बरोबर वाचत होती का चूक, मला काय कळतंय. मी काज करत करत ऐकलं. दोन वेळा अडखळली, शिवी घातली, पुन्हा वाचलं.

७ जून

बकरीद. आज लिहायला वेळ न्हाई. करुणा मॅडम रस्त्यात भेटल्या. नातीचं विचारलं. सांगितलं. वाईट वाटलं त्यांना, पण तोंड वाकडं केलं न्हाई. चांगली बाई हाय. म्हणल्या, "ताई, पुढच्या वर्षी बघा." मी म्हणलं, बघू. मनात आलं त्यांना विचारावं, तुमच्या शाळेत लेकरं लहान का भरतेत? कसं विचारायचं ते सुधरलं न्हाई.

१६ जून, सोमवार

शाळा सुरू झाली.

अफसानानं आयेशाच्या वेण्या तीनदा घातल्या, तीनदा सोडल्या. मी तिला सोडायला गेले. सरांनी दारात प्रत्येक पोराला फूल दिलं, आयेशानं ते तिथंच उसकटून आत काय हाय बघितलं. मी म्हणलं, ए! सर म्हणले, "काय निघालं आत?" ती म्हणली, "पिवळा भुगा." सरांनी तिला शिलाशेजारी बसवलं.

मला घरी जायचं होतं. शर्टांचा ढीग पडलाय. पण खिडकीजवळ जरा उभी राहिले, मग अजून जरा. सर बाहेर आले, "भाभी, शाळा तुमच्या नातीची सुरू झालीय. तुमची न्हाई." चंदाबाई तिथंच होती, एवढी हसली निर्लज्ज. आले घरी.

दुपारी आयेशा आली. केस सुटलेले, गुडघ्याला माती, बाहीवर खिचडीचा डाग. नवा शर्ट, माझ्या हातचा. अफसाना दारात, मी यंत्रावर. दोघींचा जीव कानात.

मी विचारलं, "काय शिकवलं?"

पाणी पिली. तांब्या ठेवला. म्हणली, "लई."

"लई म्हणजे काय?"

"आमची एक गंमत हाय. माझी अन् शिलाची अन् सरांची."

"कसली गंमत?"

"तुला कशी सांगू दादी? तू आमच्या वर्गात न्हाईस."

मी टेप फेकली. म्हणलं, मी तुझी दादी हाय, ह्या शाळेसाठी दोन महिने मी पायपीट केली, सांग! तर ही तोंडावर हात ठेवून हसून राहिली, सगळं अंग हलवून. सांगायला तयार न्हाई. चापट दाखवली तरी न्हाई. शेवया करते म्हणलं तरी न्हाई.

सहा वर्षं झाली, ह्या पोरीच्या पोटात काय हाय ते मला तिच्याआधी कळत होतं.

"अफसाना, विचार तूच तिला."

अफसाना दाराच्या चौकटीला टेकून लेकीकडं बघत होती. म्हणली, "राहू द्या अम्मी. असू द्या तिचं तिला."

राहू दिलं. तेवढ्यात तिकडं वांगं करपलं.